कॉलेज कॅम्पसवर पर्यावरण जागृतीसाठी पोस्टर आणि रॅलीपेक्षा परिणामकारक काय?

कचऱ्याचं ऑडिट. कॅन्टीनचे दिवसभराचे डबे ताडपत्रीवर ओतायचे, हातमोजे घालून उष्टं अन्न, कागद, प्लास्टिक असे ढीग लावायचे, वजन करायचं आणि आकडे कॅन्टीनच्याच दारात फळ्यावर लिहायचे. आपण टाकलेल्या अर्ध्या पोळ्या किलोत दिसल्या की भाषण लागत नाही (वास आपलं काम करतोच). पोस्टर दुसऱ्यांना उद्देशून असतं, फळा आपल्याबद्दल बोलतो. २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनामागेही कॅम्पसवर खुल्या चर्चा घ्यायची कल्पना होती, मिरवणुकीची नव्हे. मात्र एकदाच करून उपयोग नाही. महिन्याने, त्याच वारी, पुन्हा वजन करा. परीक्षेचा आठवडा टाळा, तेव्हा कॅन्टीन रिकामंच असतं.