इमारतीला ‘ग्रीन’ मानांकन मिळतं म्हणजे नक्की काय तपासलं जातं?

तुम्ही विचारलंय की जाहिरातीत ‘ग्रीन बिल्डिंग, गोल्ड प्री-सर्टिफाइड’ असं लिहिलेलं असतं, तर हे गोल्ड कोण देतं, कशावरून देतं आणि अशा इमारतीत वीज-पाणी खरंच कमी लागतं का. मी इमारतींच्या ऊर्जेची गणितं करते आणि मानांकनाच्या फायली तयार करते, म्हणून आतल्या बाजूने सांगते. तपासणी होते आणि ती गंभीरपणे होते. पण बहुतेक पद्धतींत इमारत कशी बांधायची ठरली आणि कशी बांधली गेली, एवढंच तपासलं जातं. लोक राहायला आल्यावर मीटर किती फिरतो हा प्रश्न सगळ्या पद्धती विचारत नाहीत, आणि तुम्हाला हवंय ते उत्तर तर तिथेच असतं.

ब्रिटनमधली ‘ब्रीम’ ही या प्रकारची पहिली पद्धत, 1990 सालची. अमेरिकेतल्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची ‘लीड’ 1998 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली. पुढे ऑस्ट्रेलियात ‘ग्रीन स्टार’, जपानमध्ये ‘कॅस्बी’, भारतात ‘गृह’ आणि आयजीबीसीची (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची) मानांकनं निघाली. नावं वेगळी असली तरी बहुतेकांचा सांगाडा सारखाच आहे: जागा, पाणी, ऊर्जा, बांधकामाचं साहित्य, आतली हवा आणि उजेड असे विषय, प्रत्येक विषयाला गुण, आणि बेरजेवरून श्रेणी. लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतीला एकूण 110 गुण असतात. 40 मिळाले की साधं प्रमाणपत्र, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. ब्रीममध्ये प्रत्येक विषयातल्या गुणांना ठरलेला भार देऊन टक्केवारी काढतात; 30 टक्क्यांना उत्तीर्ण आणि 85 ला सर्वोच्च श्रेणी.

गुण मोजायच्या आधी काही अटी असतात, त्यांना गुण नाहीत आणि सवलतही नाही. लीडमध्ये घरातल्या नळ-फ्लशचं पाणी ठरावीक पातळीपेक्षा किमान 20 टक्के कमी लागलं पाहिजे, बांधकामाची माती आणि धूळ बाहेर जाऊ देता कामा नये, आत धूम्रपानावर बंधन हवं. यातली एक अट जरी चुकली तरी बाकीचे गुण कितीही जमले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. या पद्धतींनी बांधकाम व्यवसायाला सगळ्यात जास्त काही दिलं असेल तर ते या अटींनी दिलं, असं माझं ठाम मत आहे.

अटींपुढचे गुण मात्र कुठून मिळवायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. लीडच्या त्याच आवृत्तीत ऊर्जेची बचत दाखवली तर 18 पर्यंत गुण मिळतात, सायकली ठेवण्याची सोय केली तर 1, आणि लीडची परीक्षा दिलेला तज्ज्ञ चमूत असेल तर आणखी 1. म्हणजे 60 वर पोहोचायचे रस्ते असंख्य आहेत. एका गोल्ड इमारतीने ऊर्जेत भरपूर कमावलेलं असतं. दुसरीने चांगली जागा, जवळचं बसस्थानक आणि साहित्य यांवर बेरीज जमवलेली असते आणि ऊर्जेत जेमतेम अट पाळलेली असते. दोन्हींच्या दारावरची पाटी मात्र एकच. म्हणून मी नेहमी सांगते की श्रेणी विचारू नका, गुणतक्ता मागा. लीडच्या प्रमाणित प्रकल्पांचे गुणतक्ते बहुधा त्यांच्या सार्वजनिक यादीतच पाहायला मिळतात.

आता ऊर्जेचे ते गुण कसे मिळतात ते नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘30 टक्के बचत’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती कशाच्या तुलनेत? शेजारच्या इमारतीच्या नाही, जुन्या इमारतीच्याही नाही. संगणकावर तुमच्या इमारतीचं एक कल्पित जुळं तयार करतात. आकार तोच, चटईक्षेत्र तेच, खोल्यांचा वापर आणि वेळापत्रक तेच. फक्त भिंती, काचा, दिवे आणि वातानुकूलन ‘अ‍ॅश्रे 90.1’ या अमेरिकी ऊर्जा मानकात सांगितलेल्या किमान दर्जाचं. लीडच्या चौथ्या आवृत्तीसाठी या जुळ्याला चारही दिशांना फिरवून चार वेळा गणित करतात आणि सरासरी काढतात, म्हणजे मूळ इमारतीची दिशा विचारपूर्वक निवडली असेल तर त्याचा फायदा दिसतो. जुळ्याच्या भिंतीत काच जास्तीत जास्त 40 टक्के धरतात, त्यामुळे वरपासून खालपर्यंत काचेची इमारत उभारणाऱ्याला जास्तीच्या काचेमुळे वाढलेला ऊर्जेचा वापर दुसरीकडून भरून काढावा लागतो. हे नियम विचार करून केलेले आहेत आणि मला ते आवडतात.

पण याच नियमात एक मोठी फट आहे. जुळ्याचा आकार तुमच्याच इमारतीइतका असतो. गरजेच्या दुप्पट जागा बांधली तर जुळंही दुप्पट मोठं होतं आणि टक्केवारी तीच राहते. मूळची जागाच कमी ठेवून वाचवलेली ऊर्जा या तुलनेत दिसतच नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात खात्रीची बचत असते. दुसरं असं की गणितात लोक किती वाजता येतात, किती अंशावर एसी लावतात, किती संगणक चालू ठेवतात हे सगळं गृहीत धरलेलं असतं. तो आकडा तुलनेसाठी काढलेला आहे, बिलाचा अंदाज म्हणून नव्हे. जाहिरातीत येताना हा फरक पुसला जातो, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

यावर अभ्यासही झालाय. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये लीड प्रमाणित 100 इमारतींच्या प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासली. सरासरी पाहिली तर या इमारतींना दर चौरस मीटरला साध्या इमारतींपेक्षा 18 ते 39 टक्के कमी ऊर्जा लागत होती. पण त्यातल्याच 28 ते 35 टक्के इमारती तुलनेसाठी जोडी लावलेल्या साध्या इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या, आणि श्रेणी जितकी वरची तितकी बचत जास्त असा स्पष्ट संबंध दिसला नाही. ‘ग्रीन म्हणजे निव्वळ फसवणूक’ म्हणणाऱ्यांनी पहिला आकडा वाचावा, विकणाऱ्यांनी बाकीचे दोन वाचावेत.

ही तफावत का पडते? बरंचसं कारण यंत्रणा नीट लावून न घेण्यात असतं. तापमान मोजणारा सेन्सर उन्हात बसवलेला असतो. नियंत्रणाच्या पडद्यावर झडप बंद दिसते आणि प्रत्यक्षात अर्धी उघडी असते. एकाच मजल्यावर एक यंत्र हवा थंड करत असतं आणि दुसरं गरम. बाहेरून कुणाला काही कळत नाही, खोली सुखद असते, फक्त वीज वाहून जाते. हे शोधण्याच्या कामाला कमिशनिंग म्हणतात: प्रत्येक पंप, पंखा, झडप आराखड्यानुसार चालते का हे एकेक करून, नोंद ठेवून तपासणं. लीडमध्ये मूलभूत कमिशनिंग बंधनकारक आहे. या कामात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून जाहिरातीत ते कधी येत नाही. छतावरच्या सौर पॅनलइतकाच मान मी त्याला देईन.

कोण तपासतं, हेही तुम्ही विचारलंय. लीडमध्ये नकाशे, गणितं, खरेदीच्या नोंदी ऑनलाइन जमा करायच्या असतात आणि जीबीसीआय ही संस्था त्यांची छाननी करते, शंका काढते, गुण नाकारते. भर सगळा कागदपत्रांवर असतो. ब्रीममध्ये परवानाधारक मूल्यांकनकार पुरावे गोळा करून अहवाल देतो आणि तो अहवाल पुन्हा तपासला जातो. आता तुमच्या जाहिरातीतला शब्द. ‘रजिस्टर्ड’ म्हणजे फक्त नाव नोंदवून शुल्क भरलंय. ‘प्री-सर्टिफाइड’ म्हणजे आराखड्यावरून आणि दिलेल्या वचनांवरून संस्थेने म्हटलंय की असंच बांधलं तर ही श्रेणी मिळू शकेल. बांधकाम संपल्यावर अंतिम प्रमाणपत्र मिळतं ते ‘सर्टिफाइड’. इमारत अजून उभी राहिलेली नसेल तर तिसरा शब्द लिहिता येत नाही. उभी राहून बराच काळ झाला आणि तरी दुसराच शब्द दिसत असेल तर कारण विचारायलाच हवं.

मीटरवर चालणाऱ्या पद्धतीही आहेत आणि माझा कल त्यांच्याकडे आहे. ऑस्ट्रेलियातली ‘नेबर्स’ इमारतीच्या सलग 12 महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावरून तारे देते आणि ते तारे वर्षभरच टिकतात. पुढच्या वर्षी वापर वाढला तर तारे कमी होतात. 2010 पासून तिथे मोठी कार्यालयीन जागा विकताना किंवा भाड्याने देताना हे तारे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोची इमारतींची तारांकन योजनाही वर्षाला दर चौरस मीटरला किती युनिट वीज लागली यावर चालते. जर्मनीतली ‘पॅसिव्हहाउस’ पद्धत बेरजेच्या भानगडीत पडतच नाही. घर उबदार ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरला 15 किलोवॉट-तासांपेक्षा जास्त उष्णता लागू नये, आणि दारात पंखा बसवून आत-बाहेर 50 पास्कलचा दाबफरक केल्यावर तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा बदलू नये. ही हवेची चाचणी बांधलेल्या घरातच करावी लागते, कागदावर होत नाही.

साहित्याचा विषय अजून कच्चा आहे. सिमेंट आणि पोलाद तयार होतानाच जो कार्बन हवेत जातो तो बऱ्याच काळपर्यंत या गुणतक्त्यांत फारसा मोजला जात नव्हता. 2025 मध्ये आलेल्या लीडच्या पाचव्या आवृत्तीत त्याचं गणित मांडणं बंधनकारक केलंय, हे चांगलं झालं.

तुमच्या बाबतीत मी विक्रेत्याला एवढंच विचारेन: कोणती पद्धत, कोणती आवृत्ती, अंतिम प्रमाणपत्राची तारीख काय, आणि गुणतक्त्यात ऊर्जेच्या रकान्यात किती पैकी किती. इमारतीत लोक राहत असतील तर सामायिक मीटरची मागच्या 12 महिन्यांची बिलं मागा, युनिटची बेरीज करा आणि चौरस मीटरने भागा. तसाच वापर असलेल्या दुसऱ्या एखाद्या इमारतीचा आकडा शेजारी मांडा. ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं असतं ते ही बिलं लगेच देतात.