चट्टा 'बधिर' कसा असेल?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला त्या घरोघर फिरतात. हातातल्या कागदावर 'अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा' असं छापलेलं असतं. तेच त्यांनी एका आजींना वाचून दाखवलं, "चट्टा हाय का? बधिर हाय का?" तर आजी म्हणाल्या, "बधिर न्हाई बाई, दोन्ही कानानं ऐकू येतंय मला." ताई विचारतात, मूकबधिर शब्दातला बधिर आणि या चट्ट्याचा बधिर एकच का? एकच असेल तर कातडीला बधिर म्हणणं चुकीचं नाही का? आणि मग लोकांना विचारावं तरी कसं?

ताई, शब्द एकच आहे, आणि आजींनी त्याचा सगळ्यात जुना अर्थ धरला. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. तिथे त्याला कातडीशी काही घेणंदेणं नाही. प्राकृतात शब्दाच्या मधल्या 'ध'चा 'ह' होतो. दधिचं दही झालं, गोधूमाचा गहू झाला, तसाच बधिरचा बहिरा. म्हणजे बहिरा हा आपल्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या घासून आलेला शब्द, आणि बधिर हा त्याच घरातला, पण पोथीतून पुन्हा उचललेला.

असे एकाच मुळाचे दोन शब्द भाषेत आले की ती दोघांना एकाच कामावर ठेवत नाही, वाटणी करते. गर्भिणी आणि गाभण मुळात एकच शब्द. पण आपण म्हशीला गाभण म्हणतो आणि लेकीला चुकूनही म्हणत नाही. स्तन आणि थान यांचंही तसंच. बहिऱ्याकडे कान आला आणि बधिरकडे हळूहळू कातडी, हिरडी, हात-पाय गेले. ही वाटणी किती पक्की झालीय याचा पुरावा आपल्या शाळांच्या पाट्यांवर आहे. तिथे आता 'कर्णबधिर विद्यालय' असं लिहितात. संस्कृतच्या हिशेबाने हा शब्द 'डोळ्याने आंधळा' म्हणण्यासारखा झाला, कारण बधिरमध्ये कान आधीच होता. पण मराठीत नुसतं बधिर म्हटलं की कानच डोळ्यांसमोर येईल अशी खात्री उरली नाही, म्हणून कर्ण वेगळा जोडावा लागला. तेव्हा कातडीला बधिर म्हणणं ही चूक नाही. मराठीने शब्दाला दिलेला तो नवा अर्थ आहे.

आणि हे फक्त पुस्तकी मंडळींनी केलं असंही नाही. "पाय बहिरा पडला" असं म्हणणारी माणसं आपल्याकडे आहेत. म्हणजे घरगुती बहिरासुद्धा कानातून पायात उतरलेला आहे. मला हे फार नेमकं वाटतं. कातडीत स्पर्श, दाब, गरम-गार, दुखणं टिपणारी वेगवेगळी टोकं असतात. तिथून निघालेला निरोप नसांमधून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत जातो. स्पर्शाचा निरोप जाड, वेष्टण असलेल्या तंतूंमधून सेकंदाला 30 ते 70 मीटर वेगाने धावतो. ठसठशीचा निरोप बारीक, बिनवेष्टणाच्या तंतूंमधून सेकंदाला जेमतेम एखादा मीटर सरकतो. म्हणूनच उंबऱ्याला ठेच लागली की 'लागलं' हे आधी कळतं आणि खरी कळ क्षणभराने येते. मधली नस निकामी झाली तर पाय जागेवर असतो, काटाही रुततो, पण मेंदूला त्याची हाक ऐकू जात नाही. शेवटी बहिरेपण म्हणजे दुसरं काय असतं?

इथे एक फरक मात्र सर्वेक्षणात सांभाळा. बधिर होणं आणि मुंग्या येणं ही दोन दुखणी आहेत. सप्त्यात कीर्तनाला तासभर मांडी घालून बसलं की गुडघ्याजवळची नस आणि तिला पोसणारा रक्तपुरवठा दबतो. आधी पाय आपला वाटेनासा होतो, ते बधिरपण. उठल्यावर दाब सुटतो आणि सावरणारी नस कारण नसताना भलभलते निरोप पाठवू लागते, त्या मुंग्या. बधिरपणात निरोप जात नाही, मुंग्यांमध्ये नसलेला निरोप जातो. इंग्रजी वैद्यकातही कातडीवर मुंग्या चालल्यासारखं वाटण्याला 'फॉर्मिकेशन' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली मुंगीच आहे. आपल्या भागात उर्दूच्या शेजारामुळे "पाय सुन्न पडला" असंही ऐकू येतं. तो सुन्न म्हणजे शून्य, 'सुनं घर' मधल्या सुन्याचा भाऊ.

असाच एक बारकावा 'भूल' शब्दात आहे. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला भूल देतात. बधिर करणारं औषध त्या जागच्या नसेतून निरोप पुढे जाऊ देत नाही, माणूस जागाच असतो. भूल थेट मेंदूला गाठते. 'त्याला भूल दिली' असं आपण माणसाबद्दल म्हणतो आणि 'हिरडी बधिर केली' असं अवयवाबद्दल. बोलणाऱ्याने शरीरशास्त्र शिकलेलं नसतं, पण वाटणी अचूक असते.

आता चट्ट्याकडे येतो. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली शोधला. तो कातडीत आणि कातडीजवळच्या नसांत, विशेषतः अंगाच्या थंड भागांत घर करतो. नसेचं वेष्टण सांभाळणाऱ्या पेशींतच तो शिरतो. त्यामुळे साधारणपणे आधी गरम-गार कळेनासं होतं, मग हलका स्पर्श, मग दुखणं. कोपराच्या आतल्या बाजूची नस, जिथे चुकून लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती या रोगात जाड होऊ शकते. चरकसंहितेत कुष्ठाच्या पूर्वलक्षणांत 'स्पर्शाज्ञत्व' असा शब्द आहे. स्पर्श न कळणं, इतका सरळ तो शब्द आहे.

बोटं झडतात म्हणून लोक घाबरतात, पण जंतू बोटं खात नाही. दुखत नाही म्हणून माणूस जखम सांभाळत नाही. तव्याचा चटका, उसाच्या फडातलं पाचट, कापसाच्या बोंडाचं टोक, चपलेतला खडा, काहीच कळत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा लागतं, जखम चिघळते. 'वेदना' शब्द ज्या 'विद्' धातूपासून आला त्याचा अर्थच जाणणं. वेदना गेली म्हणजे अंगाची जाण गेली. आणि म्हणूनच "दुखत तर न्हाई की, मग कशाला दाखवायचं?" हे उत्तर आलं की तिथे जास्त वेळ थांबा. न दुखणं हीच या आजाराची खूण असू शकते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आजाराच्या प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिने घ्यावं लागतं.

मग विचारायचं कसं? बधिर हा शब्द कागदावर राहू द्या, बोलताना वापरू नका. त्याऐवजी 'कळणं' वापरा. ते प्रत्येकाच्या तोंडात आहे आणि त्यात कान नाही. 'दुखतं का' असंही विचारू नका, कारण निरोगी कातडीही दुखत नसते, त्यातून काहीच हाती लागत नाही. आधी चांगल्या कातडीवर पेनाचं टोक हलकं टेकवून दाखवा, म्हणजे काय विचारताय ते समजेल. मग डोळे मिटायला सांगा, चट्ट्यावर टेकवा आणि जिथे कळलं तिथे बोट ठेवायला सांगा. आजींना म्हणा, "आजी, डोळे झाका. म्या हितं हात लावायलेय, कळायलंय का?"