शुगरची गोळी, कोळंबी आणि सीटीचं इंजेक्शन

प्रश्न : ताई, माझी आई 64 वर्षांची आहे, दहा वर्षांपासून शुगर. पोटाचा सीटी सांगितलाय, कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेत आयोडिनवालं औषध टोचून. एक डॉक्टर म्हणाले शुगरची गोळी दोन दिवस आधी बंद करा, सेंटरवरची मुलगी फोनवर म्हणाली गरज नाही. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.1 आलंय. त्यात मावशीचं म्हणणं, हिला कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, म्हणजे आयोडिनची ॲलर्जी, इंजेक्शन देऊच नका. कुणाचं ऐकायचं? – एक वाचक, मिरज

उत्तर : आधी मावशींचं बघू. कोळंबीची ॲलर्जी असते ती तिच्यातल्या प्रोटीनची, आयोडिनची नाही, तेव्हा फॉर्मवर लिहा पण तेवढ्यावरून इंजेक्शन रद्द नको. हां, ह्याच कॉन्ट्रास्टने आधी कधी पुरळ आलं किंवा दम लागला असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, कारण स्टेरॉइडच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून द्याव्या लागतात, टेबलावर आडवं झाल्यावर सांगून काय उपयोग.

आता गोळी. प्रश्न असतो तो मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळीचा. ती किडनी बिघडवत नाही, पण कॉन्ट्रास्टनंतर किडनी मंदावली तर अंगात साठते आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढू शकतं, क्वचित होतं पण झालं तर जिवावरचं. म्हणून नुसतं क्रिएटिनिन नाही, ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते तो आकडा, बघायचा. ह्या वयाच्या बाईचं 1.1 म्हणजे तो 50च्या वर येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या नियमात 30च्या वर असेल आणि किडनीला अचानक काही झालेलं नसेल तर गोळी थांबवत नाहीत, 30च्या खाली असेल तर तपासणीपासून 48 तास बंद आणि किडनी परत तपासूनच सुरू. दोन दिवस आधीपासून बंद ही जुनी पद्धत, अजून खूप ठिकाणी चालते. तरी रिपोर्ट दाखवून डॉक्टरांनाच विचारा, मनाने काही करू नका.

पण आमच्याकडे सीटीच्या खोलीत घोळ होतो तो वेगळाच. मी विचारते, आजी मेटफॉर्मिन घेता का, आजी म्हणतात छे, मी फक्त ग्लायकोमेट जीपी घेते. अहो त्यात मेटफॉर्मिनच असतं, वर शुगर उतरवणारं ग्लिमेपिराइड! उपाशी बोलावलेलं, सवयीने सकाळची गोळी घेऊन आल्या, नंबर लागायला दुपार झाली की शुगर धाडकन खाली, घाम, थरथर, आणि घरचे ओरडतात रिॲक्शन आली म्हणून, इंजेक्शन तर अजून दिलेलंच नसतं. वॉर्डात पेशंटची फाईल असते, आमच्या हातात येते एक चिठ्ठी, 'सीईसीटी ॲबडोमेन', म्हणजे पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, बस्स. म्हणून गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा, आणि उपाशी असताना सकाळची गोळी घ्यायची का हे आदल्या दिवशीच विचारा.

सिरिंजमध्ये काय भरलंय तेही विचारा, आम्हाला राग येत नाही (एखाद्याला येतो, येऊ द्या). 2004 मध्ये सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलात एका बाईंना कॉन्ट्रास्टऐवजी त्वचा पुसायचं क्लोरहेक्सिडिन टोचलं गेलं, दोन्ही पाण्यासारखी दिसणारी, भांड्यावर लेबल नाही. त्या बाई गेल्या. लेबल लावायला असा किती वेळ लागतो, सांगा.

आईंना एक आधीच सांगून ठेवा, औषध जाताना अंगभर गरम वाटेल, लघवी झाली की काय असं वाटेल, होत नाही. सुईच्या जागी दुखलं किंवा फुगलं तर मात्र लगेच ओरडायचं, आम्ही काचेपलीकडे असतो पण आतलं सगळं ऐकू येतं.