पट भरलेला, वर्ग रिकामा

प्रश्न : आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावात पटनोंदणी शंभर टक्के आहे. पण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांमुळे निम्मा वर्ग रिकामा होतो. शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून मी काय करू शकते?

उत्तर : ताई, हे काम दसऱ्याच्या आधीच व्हायला हवं. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोणी घेतली, हे गावाला पावसाळ्यातच ठाऊक असतं. त्या प्रत्येक घरी जाऊन यादी करा : जोडपं कोणत्या कारखान्याला जाणार, मुलं किती, मागे आजी-आजोबा आहेत का. असतील तर लगेच हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईवडील ऊसतोडीला असताना मुलांना गावातच ठेवून शिकवण्याच्या सरकारी सोयीचा, प्रस्ताव पाठवा. योजना चांगली आहे, फसते ती वेळेमुळे. प्रस्ताव दिवाळीला गेला, तर मंजुरी येईपर्यंत मजुरांच्या टोळ्या उसाच्या फडात पोचलेल्या असतात आणि हंगाम संपेपर्यंत मूल परत येत नाही.

मुलींची चौकशी वेगळी करा. आई फडात असताना तान्ह्याला कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) सांभाळायला बहुधा आठ-दहा वर्षांची बहीणच नेली जाते. वसतिगृहात तिच्यासाठी जागा ठेवली, पण धाकट्याची सोय कुणीच पाहिली नाही, तर ती जाणारच. म्हणून धाकट्याचं काय करणार, हे आईशीच बोला.

जे मूल जाणारच, त्याला निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या शाळेत दाखवायची त्याच्या शिक्षणाची नोंद, मिळवून द्या. त्यावर नुसती इयत्ता पुरत नाही. ‘साधी वाक्यं वाचते, जोडाक्षरं अडतात, हातच्याची वजाबाकी येत नाही’ इतकं नेमकं गुरुजींकडून लिहून घ्या. सांगली-कोल्हापूरकडच्या शिक्षकाला त्यावरूनच पुढे शिकवता येतं.

प्रश्न : दाखला नाही आणि अर्धं वर्ष संपलं, म्हणून कारखान्याजवळच्या शाळेने प्रवेश नाकारला तर?

उत्तर : जिल्हा परिषदेच्या शाळेला तसं करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार दाखल्याला उशीर (कलम ५), वयाचा पुरावा नसणं (कलम १४) किंवा मुदत संपणं (कलम १५) यांपैकी कशावरूनही प्रवेश अडवता येत नाही. वर्ग वयानुसार मिळतो, मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं (कलम ४). अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तरीही नकार आला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कर्नाटकातही हाच कायदा आहे, पण तिथे जवळची शाळा कन्नड माध्यमाची असू शकते. तिकडे जाणाऱ्या घरांतली मुलं वसतिगृहाच्या यादीत सगळ्यांत वर घ्या.