अ‍ॅक्रनचा संघ ‘अजिंक्य’ की ‘अपराजित’?

प्रश्न असा आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या एनएफएल या आजच्या व्यावसायिक स्पर्धेचे मूळ असलेल्या लीगच्या पहिल्या हंगामावर लिहिताना एका वाचकाने वाक्य लिहिले, ‘१९२० साली अ‍ॅक्रन प्रोज हा संघ अजिंक्य ठरला.’ त्यांच्या मित्राने हरकत घेतली, की अकरापैकी आठच सामने जिंकलेला संघ अजिंक्य कसा? अपराजित म्हणा. वाचक विचारतात, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच नाही का?

एकच नाही. आणि हा फरक नीट दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला तरी आठवत नाही.

‘अपराजित’ म्हणजे ज्याचा पराभव झालेला नाही तो. घडून गेलेल्याची नोंद, एवढेच त्याचे काम. उद्या हरला तर शब्द सुटला. (दसऱ्याला जिचे पूजन होते त्या अपराजितेच्या नावात ‘जिचा पराभव होऊच शकत नाही’ असा अर्थ भरला आहे हे खरे, पण तो देवीच्या नावाचा अधिकार. संघाला तो देता येत नाही.) ‘अजिंक्य’ म्हणजे जिंकता न येण्याजोगा. इथे शक्यतेचीच गोष्ट आहे. संस्कृतात यासाठी ‘अजय्य’ आहे. जिंकायला हवे ते ‘जेय’ आणि जिंकता येईल ते ‘जय्य’, असा भेद पाणिनीने खास सूत्र करून सांगितला आहे. आपला ‘अजिंक्य’ मात्र घरचा शब्द. ‘जिंक’ हा धातू मराठी, त्याला मागे-पुढे संस्कृत साज चढवलेला. व्याकरणाच्या सोवळ्यात न बसणारा हा शब्द मला फार प्रिय आहे. साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने १७०० साली घेतला आणि त्याला आझमतारा नाव दिले. मराठ्यांनी तो परत घेतला तेव्हा ताराबाईंच्या काळात त्याचे नाव अजिंक्यतारा झाले. एकदा हातचा गेलेला किल्ला अजिंक्य! त्या नावात नोंद नाही, निर्धार आहे.

खेळाच्या पानांवर या शब्दाला तिसराच अर्थ आला. ‘अजिंक्यपद’ म्हणजे स्पर्धेतले पहिले स्थान. साखळीत दोन-तीन सामने हरलेला संघही शेवटी अजिंक्यपद पटकावतो आणि आपल्याला ते खटकत नाही, खटकूही नये. शब्द रुळला आहे.

आता अ‍ॅक्रनकडे. ओहायोतल्या कँटन गावी, एका मोटारविक्रीच्या दालनात, १७ सप्टेंबर १९२० रोजी संघमालकांची बैठक झाली आणि लीगचा अध्यक्ष म्हणून कँटनच्याच संघाचा नामांकित खेळाडू जिम थॉर्प याची निवड झाली. त्या पहिल्या हंगामात अ‍ॅक्रनची कामगिरी होती ८-०-३, म्हणजे आठ विजय, पराभव एकही नाही, तीन बरोबऱ्या. केलेले गुण १५१, दिलेले अवघे ७! ते सातही एकाच सामन्यात, क्लीव्हलँडविरुद्धच्या ७-७ बरोबरीत. थॉर्पच्या कँटन बुलडॉग्जना त्यांनी दोनदा हरवले, १०-० आणि ७-०. संघाचा कणा होता फ्रिट्झ पोलार्ड, त्या लीगमधल्या अगदी मोजक्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक. पुढच्याच वर्षी तो या संघाचा सहप्रशिक्षकही झाला.

हंगाम संपताना दोन सामने ०-० सुटले. ५ डिसेंबरला बफलोशी आणि १२ डिसेंबरला शिकागोत डिकेटर स्टेलीजशी. यांना ‘अनिर्णित’ म्हणावे का, असेही त्याच वाचकांनी विचारले आहे. माझे मत ‘बरोबरी’ला. क्रिकेटमुळे मराठीत हा भेद पक्का झाला आहे. वेळ संपल्याने निकालच लागला नाही तर सामना अनिर्णित राहिला, दोघांच्या धावा सारख्या झाल्या तर बरोबरीत सुटला. कुस्तीच्या फडातही ‘निकाली’ कुस्तीच्या समोर ‘बरोबरीत सोडवलेली’ कुस्ती असते. अ‍ॅक्रन आणि डिकेटर पूर्ण वेळ खेळले, दोघांचे गुण सारखे राहिले. म्हणून बरोबरी. फक्त ‘गोलशून्य बरोबरी’ लिहू नका, या खेळात हिशेब गुणांचा असतो.

या बरोबऱ्यांचे वजन किती, यावरच सारा वाद होता. डिकेटरची कामगिरी १०-१-२, बफलोची ९-१-१. दोघांचे विजय अ‍ॅक्रनपेक्षा जास्त, अ‍ॅक्रनला दोघांनाही हरवता आले नव्हते, आणि दोघांनीही पहिल्या स्थानावर हक्क सांगितला. विजयाची टक्केवारी काढताना बरोबऱ्या वगळल्या तर अ‍ॅक्रनचे आठपैकी आठ, म्हणजे पैकीच्या पैकी. १९७२ पासून एनएफएलमध्ये बरोबरी म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव धरतात. त्या हिशेबाने अ‍ॅक्रनचे अकरापैकी साडेनऊ होतात आणि बफलोचेही अकरापैकी साडेनऊच. तेव्हा अंतिम सामन्याची सोयही नव्हती. शेवटी ३० एप्रिल १९२१ रोजी लीगची बैठक भरली, मतदान झाले आणि पहिले स्थान अ‍ॅक्रनला दिले गेले. खेळाडूंना फुटबॉलच्या आकाराचे सोन्याचे छोटे पदक मिळाले, त्यावर ‘जगज्जेते’ या अर्थाचे शब्द कोरलेले होते.

म्हणून वाचकांच्या वाक्यातला ‘ठरला’ मला फार मोलाचा वाटतो. ‘विजेता ठरला’ असे आपण सहज लिहितो आणि ‘ठरणे’ म्हणजे निर्णय होणे हे विसरून जातो. इथे तो अर्थ अक्षरशः लागू आहे, कारण अ‍ॅक्रनचे अजिंक्यपद मैदानावर मिळाले नाही, बैठकीत ठरले. मित्राची हरकतही अर्धी बरोबर आहे. नुसते ‘अजिंक्य ठरला’ वाचून मराठी माणसाला सगळे सामने जिंकल्यासारखे वाटते, आणि डिसेंबर ते एप्रिल हे वादाचे महिने त्या वाक्यात गडप होतात. मी असे लिहीन: ‘१९२० च्या हंगामात अ‍ॅक्रन प्रोज अपराजित राहिले आणि एप्रिल १९२१ मधल्या मतदानाने त्यांना अजिंक्यपद मिळाले.’ ‘राहिले’ मैदानासाठी, ‘मिळाले’ बैठकीसाठी. शीर्षकात जागा कमी असेल तर ‘अपराजित विजेते’ चालेल.

‘अनिर्णित’ हा शब्द मात्र टाकून देऊ नका, त्याची जागा याच गोष्टीत आहे. ते मतदान पुढे लीगच्याच विस्मरणात गेले आणि १९७० च्या दशकापर्यंत एनएफएलच्या नोंदीत १९२० चे अजिंक्यपद ‘अनिर्णित’ असेच होते.