पहिल्यांदा बायबल हाती घेताना

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. पुष्कळ जण तसं करतात, लेवीय या पुस्तकातल्या नियमांपाशी अडकतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. आधी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, घ्या. 16च अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. चार शुभवर्तमानांपैकी हे सर्वांत आधीचं, इ.स. 70च्या सुमाराचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातले बारकावे निवांत बघा. वादळ चाललंय आणि येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. ती उशी मत्तय आणि लूक ही शुभवर्तमानं सांगत नाहीत. मला ती फार मोलाची वाटते. दमलेला माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

शेवटाकडे बहुधा एक तळटीप दिसेल: 16:9पासूनचा, म्हणजे सोळाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापासूनचा, भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. घाबरू नका. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या प्रतींमध्ये मार्क आठव्या वचनाशी, भेदरलेल्या स्त्रियांपाशी थांबतो. पण रिकामी कबर आणि ‘तो उठला आहे’ ही बातमी त्याआधीच आलेली असते. अशा टिपांनी श्रद्धा ढासळते असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. माझी तरी घट्टच झाली.

प्रार्थना सुचत नसेल तर बायबलमधली स्तोत्रं मोठ्याने वाचा. मन अगदी खचलं असेल तेव्हा 88वं. ते अंधारातच संपतं, पण बोलतं देवाशीच.

उपासनेला मात्र जात राहा, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेणं, एकट्याचं नसतं. शंका असतील तर त्या घेऊनच जा आणि पाळकांना सरळ विचारा.