गढूळपणा दुप्पट, म्हणून तुरटीही दुप्पट?

प्रश्न : मी जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे. तासाला २०० घनमीटर कच्चं पाणी येतं. गढूळपणा ४० एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) असताना लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी पुरायची. पावसानंतर गढूळपणा ८० झाला, म्हणून डोस ६० केला. तरी मातीचे पुंजके बारीकच राहतात, खाली बसत नाहीत. पीएच ५.८ येतो. हिशेब कुठे चुकला? कच्च्या पाण्याची क्षारता (आम्ल पचवायची ताकद) लिटरला ४० मिलिग्रॅम आहे.

उत्तर : आकडेमोड सोपी आहे. ३० चा डोस म्हणजे घनमीटरला ३० ग्रॅम, तासाला ६ किलो. द्रावण १० टक्क्यांचं (१० किलो तुरटी विरघळवून एकूण १०० लिटर) असेल तर तासाला ६० लिटर, मिनिटाला १ लिटर. ६० च्या डोसला २ लिटर.

पण गढूळपणा आणि तुरटी यांना त्रैराशिक लागू पडत नाही. मातीचे कण वाढले की ते एकमेकांवर जास्त आदळतात आणि पुंजके उलट सहज धरतात. बरेचदा थोडीशीच वाढ पुरते. मला तर कमी गढूळ, गार पाणीच जास्त सतावतं.

तुमच्या पत्रातला कळीचा आकडा क्षारतेचा, आणि तो तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलात. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. ३० च्या डोसला १५ गेली, २५ उरली, निभावलं. ६० ला ३० गेली, उरली जेमतेम १०. म्हणून पीएच घसरला. ५.८ वर पुंजके नीट धरत नाहीत आणि विरघळलेलं अ‍ॅल्युमिनिअम फिल्टरमधूनही पार जातं. हे पाणी लोक पिणार आहेत, तेव्हा कृपा करून डोस आणखी वाढवू नका.

आजच जार टेस्ट लावा, म्हणजे वेगवेगळे डोस छोट्या जारमध्ये करून बघा. १० ग्रॅम तुरटीचं १ लिटर द्रावण करा. त्यातला १ मिलिलिटर १ लिटरच्या जारमध्ये टाकला की १० चा डोस झाला. सहा जारमध्ये २५, ३०, ३५, ४०, ५०, ६०. १ मिनिट मिनिटाला १०० फेऱ्यांवर ढवळा, मग २० मिनिटं ३० फेऱ्यांवर, मग अर्धा तास हात लावू नका. निवळलेलं पाणी पिपेटने वरूनच घ्या, तळाचा साका ढवळला तर सगळं वाया. गढूळपणा आणि पीएच दोन्ही नोंदवा.

४० च्या आसपास भागलं तर उत्तम. ६० च लागले तर चुना द्यावा लागेल. शेवटी ३० क्षारता उरावी असं धरलं, तर २० कमी पडते. त्यासाठी शुद्ध विझवलेला चुना लिटरला १५ मिलिग्रॅम. चुना शुद्ध नसेल तर त्या प्रमाणात जास्त. तो तुरटीच्या टाकीत मिसळू नका, वेगळा सोडा.

आणि डोसिंग पंपाच्या डायलवर विसंबू नका. सक्शनची नळी मोजपात्रात सोडून मिनिटाला किती उतरतं ते घड्याळ लावून बघा. कच्च्या पाण्याचा प्रवाह तासाला १५० घनमीटरवर आला तर ३० च्या डोसला मिनिटाला ७५० मिलिलिटरच हवेत.